आठवड्याची सुट्टी ज्याची त्याला, की सगळ्यांना एकाच वारी?

उद्यमनगरकर · सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, आज आमच्या कारखान्याला सुट्टी, म्हणून सवडीनं लिहायला बसलोय. लांबेल, सांभाळून घ्या.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, गावाकडं चुलतभावाच्या घरी सगळ्यांनी मिळून जायचं, एवढंच ठरवायचं होतं. माझा लेथचा छोटा कारखाना आहे, सहा माणसं कामाला, सुट्टी सोमवारी. सूनबाई शाळेत शिक्षिका, तिला रविवार. मुलगा मॉलमधल्या एका दुकानात, त्याला बुधवार. शनिवारी-रविवारी रजा मागायचीसुद्धा सोय नाही. मुलगी नर्स, तिची सुट्टी फिरती. कॅलेंडर काढून प्रत्येकाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या रंगाच्या पेनानं मांडल्या. सबंध महिन्यात सगळे घरी असतील असा एकही दिवस सापडला नाही. बायकोची सुट्टी कुठल्या रंगानं मांडायची हे तर कुणी विचारलंही नाही. तिनंच ते नंतर बोलून दाखवलं.

बेंदरादिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. अंघोळ, शिंगं रंगवणं, पुरणपोळी, आणि संध्याकाळी गावातले सगळे बैल एकदम वेशीत. लहानपणापासून बघतोय, पण काल पहिल्यांदा मनात आलं की बैलांना ही सुट्टी सगळ्यांना मिळून, एकाच दिवशी मिळते.

माझे वडील शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये काढलेली मिल. तिच्या भोंग्यावर अख्खं कोल्हापूर घड्याळ लावायचं. आमच्या गल्लीत निम्मी घरं मिलची. सुट्टीच्या दिवशी वडील घरी, शेजारचे काका घरी, समोरचे दोघं भाऊ घरी. कुणाच्या तरी दारात बाजल्यावर सगळे बसलेले असायचे. कुणाचं छप्पर शाकारायचं असेल, कुणाच्या मुलीचं स्थळ बघायला जायचं असेल, सगळं त्या दिवशी. वडिलांना पगार फार नव्हता. पण त्यांच्या आजारपणात रात्री उशाशी बसायला जी माणसं आली, ती त्या बाजल्यावरची होती.

दुकानांसाठी १९४८ चा मुंबई कायदा होता, त्यात दुकानालाच आठवड्यातून एक दिवस कुलूप लागायचं. २०१७ च्या नव्या कायद्यानं वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मोकळीक दिली आणि कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यायला सांगितली. कागदावर कामगाराचं काहीच गेलं नाही, त्याचे २४ तास आहेतच. गेला तो वार. माझ्या मुलाला बुधवारी सुट्टी असते आणि बुधवारी तो एकटाच घरात झोपून असतो.

म्हणून माझं म्हणणं मांडतो. दवाखाने, दूध, पाणी, वीज, एसटी, पोलीस सोडून बाकी शहरानं आठवड्यातला एक वार सगळ्यांचा म्हणून पाळावा. कुठला, ते बोलू. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं लिहा.

---

महाद्वार_कापडवाले · सोमवार, रात्री १०.१५

काका, तुमचं दुःख कळतं, पण आमचीही बाजू ऐका. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं येतात ती शनिवार-रविवारी. आठवड्याच्या धंद्यातला मोठा वाटा त्या दोन दिवसांत होतो. रविवारी बंद ठेवलं तर भाडं निघणार नाही.

दुसरं, आता स्पर्धा शेजारच्या दुकानाशी राहिलेली नाही. मोबाईलवरचं दुकान रात्री दोन वाजताही उघडं असतं. आम्हाला कुलूप लावायला लावून गिऱ्हाईक तिकडं ढकलायचं का? माझ्याकडं चार पोरं कामाला आहेत, चौघांना चार वारी सुट्टी देतो. दुकानही चालतं आणि त्यांनाही विश्रांती मिळते. मला यात अन्याय दिसत नाही.

---

चंदगडची_लेक · सोमवार, रात्री ११.०५

आमच्याकडं याला वार पाळणूक म्हणतात. शहरात किती जणांना माहीत असेल ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चंदगड, गडहिंग्लज आणि पलीकडं बेळगाव भागात गावोगाव ही पद्धत आहे. गावातली पंच मंडळी देवळात बसून ठरवतात, की इतके मंगळवार, इतके शुक्रवार पाळायचे. दवंडी होते. त्या वारी शेतात कुणी जायचं नाही. औत धरायचं नाही, कुदळ-खुरपं उचलायचं नाही. आमच्या गावात गिरणसुद्धा बंद असते. जनावरांची वैरण आदल्या दिवशी आणून ठेवायची. धार काढायला बंदी नाही, आजाऱ्याला गाडीतून न्यायला बंदी नाही. मोडलं तर देवाला दंड.

माझे आजोबा ऐन भात रोपणीच्या दिवसांत पाळणूक आली की अस्वस्थ व्हायचे. चिखल तयार, पाऊस आहे, आणि हातावर हात ठेवून बसायचं! तरी बसायचे. एकदा मी विचारलं, आपण एकट्यानंच दोन वाफे लावले तर काय होईल? ते म्हणाले, मग शेजारी चार लावेल, आणि पुढल्या वारी गावात कुणीच बसणार नाही.

महाद्वारच्या दादांना हेच सांगायचंय. शेजारच्याचं औत चालू असलं की आपल्याला घरी बसवत नाही, बसलो तरी जीव रानात असतो. सगळ्यांचं औत उभं राहिलं की मगच माणूस खरा बसतो. चार पोरांना चार वारी सुट्टी दिली तरी त्या वारी त्यांना दुकानातून फोन येतच असणार. येतो का नाही, खरं सांगा.

एक गोष्ट लपवत नाही. पाळणुकीच्या दिवशी मजुरीवर जाणाऱ्या बायकांचा रोज बुडतो. देवाचं काम म्हणून त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे.

---

महाद्वार_कापडवाले · सोमवार, रात्री ११.२०

फोन येतो, ताई. मीच करतो. कुठला माल कुठल्या कप्प्यात आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

---

करवीर_दूधउत्पादक · मंगळवार, सकाळी ५.५०

आमच्यात सहा म्हशी हायत. सकाळी डेअरीला दूध, संध्याकाळी डेअरीला दूध. तीनशे पासष्ट दिवस. धार चुकली तर म्हशीला कासदाह होतो, तवा सुट्टीचा इषय न्हाई.

पण आम्ही दोघं भाऊ हाय. वाटण्या झाल्या तरी गोठा एकत्र ठेवला, त्याचं कारण ह्योच. एक रविवार तो बघतो, एक रविवार मी. ज्यांच्यात एकच माणूस हाय त्यांनी लग्नकार्यालाबी अर्ध्यातनं उठून पळायचं. गावात चार घरांनी मिळून एक माणूस ठेवला, तर प्रत्येकाला महिन्यातनं एक दिवस मिळंल. ह्यावर कुणी इचार केलाय काय?

---

बिंदू_चौक · मंगळवार, सकाळी ९.३०

साप्ताहिक सुट्टी ही मुळात इंग्रजांची देणगी. आपल्याकडं सणवार होते, तेवढे पुरेसे होते. बाहेरची पद्धत अंगावर घेऊन आता ती मोडली म्हणून रडण्यात अर्थ नाही.

---

सत्यशोधक_वाचक · मंगळवार, दुपारी १.१०

बिंदू चौक, हे बरोबर नाही आणि ते तसंच सोडूनही देता येणार नाही. इंग्रजांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत. गिरणीतल्या मजुराला ती सुट्टी कुणी दिली नव्हती. त्यानं ती भांडून घेतली आणि तो लढा मराठी माणसांनी लढवला.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारनं नेमलेल्या आयोगापुढं ठेवलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर आणि काम करताना इजा झाली तर भरपाई, अशा मागण्या होत्या. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढं उभं राहणारी माणसं होती ती. मालक हलले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सभा झाली, सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि दोन कामगार स्त्रियांनी उभं राहून भाषण केलं. त्या काळात, हे लक्षात घ्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, अशी मांडणी लोखंड्यांनी केल्याचं सांगतात. कोल्हापूरकरांना ती वेगळी समजवायला नको. आमचा रविवार जोतिबाचा आहे. माघात रविवारी पहाटे चालत वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या दर्शनाचे खेटे घालणाऱ्याला हा वार परका वाटत नाही.

आणि सात दिवसांतला एक दिवस बाजूला काढणंही इथं नवं नव्हतं. कोकणात बेने इस्रायली, म्हणजे तिथले ज्यू लोक, पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. शेजारी त्यांचा शनिवार ओळखून होते.

---

मंगळवार_पेठ_सौ · मंगळवार, दुपारी ३.४५

दुपारी जरा पाठ टेकली तेव्हा सगळं वाचलं.

कोल्हापुरातला रविवार म्हणजे मटण. सकाळी आठला पिशवी घेऊन घरातला पुरुष मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहतो आणि त्याचं काम संपतं. मग खोबरं-तीळ भाजणं, वाटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भात, भाकरी. मुलं सगळी घरी, म्हणून नाश्ता दोनदा. आठवड्याचे गणवेश, चादरी रविवारी धुवायला निघतात. पाहुणेही रविवारीच येतात, सगळ्यांना सुट्टी असते ना! जेवून सगळे आडवे होतात, तेव्हा माझ्यापुढं तांबड्या रश्श्याचं तेल चढलेली पातेली असतात. सोमवारी सगळे कामावर गेले की मी अर्धा तास बसते. माझी सुट्टी तेवढी.

आमच्या धुणंभांडीवाल्या मावशी रविवारी आल्या नाहीत तर आम्ही म्हणतो, “आज खाडा केला.” आपण घेतली की सुट्टी, तिनं घेतली की खाडा. मीही असंच बोलत आले. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. माझी आत्या तेव्हा तिथं राहायची, ती अजून सांगते, की पगारी रजा मागणाऱ्या बायकांचा तेव्हा लोकांना किती राग आला होता.

तर भाऊ, तुम्ही एक वार ठरवायला निघालाय, जरूर ठरवा. पण त्या वारी चूल कोण पेटवणार हे आधी ठरवा. नाहीतर तुमच्या सगळ्यांच्या सुट्टीचं काम माझ्याच अंगावर पडणार आहे.

---

शिरोळचा_शेतकरी · मंगळवार, रात्री ८.३०

ताईंनी खाडा शब्द काढला म्हणून लिहितो.

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. हंगाम पाच-सहा महिने चालतो, त्यात आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट नाही. बाई आजारी पडली, पाळी आली, पोर तापलं, दिवस बुडाला की खाडा, आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. काम नाही म्हणून मजुरी नाही, एवढ्यावर ते थांबत नाही. न केलेल्या कामाचे पैसे उलटे द्यायचे.

मागच्या हंगामात माझ्या फडात एक बाई पहाटे चारला मोळी बांधत होती. कडेला चादरीत गुंडाळलेलं लहान पोर. मी तिला म्हटलं, जरा बसा. ती म्हणाली, गाडी भरायची आहे. कारखान्याला ऊस वेळेत गेला पाहिजे ही घाई माझीही होती, उशीर झाला की साखरेचा उतारा कमी होतो. त्या घाईत मीही सामील आहे, हे मला तेव्हापासून टोचतंय.

एका वाराची चर्चा शहरापुरती ठेवू नका, एवढंच म्हणणं.

---

राजारामपुरी_ते_श्टुटगार्ट · मंगळवार, रात्री ११.५०

मी सात वर्षं जर्मनीत आहे. इथं रविवारी दुकानं बंद. स्टेशनावरची, पेट्रोल पंपावरची आणि बेकऱ्या काही तास, एवढे अपवाद. रविवार हा कामातून विसाव्याचा दिवस, हे त्यांच्या राज्यघटनेतच आहे. बर्लिननं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले होते, ते घटना न्यायालयानं २००९ मध्ये अडवलं. रविवारी भिंतीत ड्रिल मारलं तर शेजारी येऊन दार वाजवतो. देश काही बुडालेला नाही.

पण माझं पहिलं वर्ष सांगतो. नवीन गाव, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. सहा दिवस कामात जायचे. रविवारी रस्ते ओस, दुकानं बंद, सगळे आपापल्या घरी. खिडकीत बसून रडू यायचं. ज्याला माणसं आहेत त्याला तो वार गोड असतो, एकट्याला खायला उठतो. कोल्हापुरात वार ठरवलात तर बाहेरून आलेल्या, खोलीवर राहणाऱ्या पोरांना त्या दिवशी कुणीतरी जेवायला बोलवा.

उद्यमनगरकर काका, तुमच्या रंगीत पेनांवरून आठवलं. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये सरकारनं सामाईक सुट्टीच काढून टाकली होती. कामगारांचे पाच गट, प्रत्येक गटाचा एक रंग. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी, प्रत्येक रंगाची वेगळ्या दिवशी. यंत्रं कधीच थांबणार नाहीत हा हेतू. विश्रांती सातव्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी, म्हणजे आधीपेक्षा जास्तच. तरी लोक वैतागले, कारण नवऱ्याचा रंग वेगळा, बायकोचा वेगळा, मुलांची शाळा तिसऱ्याच दिवशी बंद. १९३१ पासून सरकारला सगळ्यांची मिळून सुट्टी परत आणावी लागली आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आला. तिथं तो आदेश सरकारनं काढला होता. तुमच्या कॅलेंडरवर तेच रंग कुणी न सांगता आले.

---

शाहूपुरी_गॅरेज · बुधवार, सकाळी ८.१५

माझं गॅरेज शुक्रवारी दुपारपर्यंत बंद असतं, जुम्याची नमाज असते. माझ्याकडचा एक पोरगा रविवारी जोतिबाला जातो, त्याला मी रविवार सोडतो. वार ठरवताना कुणाच्या देवाचा वार म्हणून ठरवू नका, एवढी विनंती. गाव म्हणून ठरवा, आम्ही पाळू. मोहरमला पंजे बसवताना इथं कोण कुणाचा हे कधी विचारलं गेलंय?

---

डिलिव्हरी_भावा · बुधवार, दुपारी ४.२०

मी एका ॲपवर खाणं पोचवतो. रविवारी ऑर्डरी जास्त, त्या दिवशी ठरलेला आकडा गाठला तरच बोनस. सुट्टी घ्यायला मला कुणी अडवत नाही. घेतली की त्या दिवसाची कमाई शून्य, एवढंच. कायद्यातल्या २४ तासांत मी बसत नाही, कारण मी कामगार नाही, भागीदार आहे असं त्यांचं म्हणणं.

वार कुठलाही ठरवा. आधी त्या दिवसाचे पैसे कोण देणार ते बोला.

---

महाद्वार_कापडवाले · शुक्रवार, रात्री १०.३०

तीन दिवस यावर बोलायचं टाळत होतो.

चंदगडच्या ताईंच्या आजोबांचं वाक्य आमच्या रांगेतल्या दुकानदारांना सांगितलं. आमची रांग चौदा दुकानांची. सगळ्यांच्या मनात तेच निघालं: मी बंद ठेवायला तयार आहे, पण शेजारचा उघडणार. काल रात्री दुकानं वाढवल्यावर सगळे बसलो. रविवार शक्य नाही, त्यावर दुमत नव्हतं. सोमवार पूर्ण बंद, सण आणि लग्नसराईचे दोन महिने सोडून. पोरांचा त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, दुकानातून फोनही करायचा नाही. चौदापैकी नऊ तयार झाले. तिघं विचार करून सांगणार. दोघांनी स्पष्ट नाही म्हटलं, त्यांच्यावर कर्ज आहे, त्यांना मी दोष देत नाही.

सोमवारी गिऱ्हाईक परत गेलं तर मला त्रास होणार आहे, हे आत्ताच लिहून ठेवतो.

---

उद्यमनगरकर · रविवार, रात्री ९.१०

बेंदूर झाला. आम्ही चौघं गेलो. मुलाला रजा मिळाली नाही. संध्याकाळी मिरवणुकीच्या वेळी त्याला व्हिडिओ कॉल लावला, पण तो गिऱ्हाइकात होता, उचलला नाही.

तुमची उत्तरं वाचून माझं म्हणणं बदललं. शहरभर एक वार सक्तीनं लावा, असं आता मी म्हणणार नाही. डिलिव्हरीवाल्या पोराचे आणि ऊसतोडीच्या बाईचे पैसे ठरल्याशिवाय ती सक्ती त्यांच्यावर दंड म्हणूनच पडेल. पण “ज्याला जेव्हा मिळेल तेव्हा घ्या” हेही मला मान्य नाही. चौदांतल्या नऊ दुकानांसारखं, जिथं शेजारी शेजाऱ्याला शब्द देऊ शकतो, तिथून तरी सुरू व्हावं. दूधवाल्या भाऊंनी चार घरांत मिळून एक माणूस ठेवायचं लिहिलंय. त्यांनी स्वतंत्र धागा काढावा, मी गावातल्या दोन दूधसंस्थांच्या लोकांशी बोललोय.

माझ्यापुरतं सांगतो. कारखान्यातल्या सहाजणांना विचारलं, तुम्हाला कुठला वार हवा? इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं. पाचजण म्हणाले रविवार, मुलं घरी असतात. सहाव्याला सोमवार हवा, त्याची बायको महाद्वारला कापड दुकानात कामाला आहे. त्याला सोमवार देतोय, बाकी कारखाना पुढच्या आठवड्यापासून रविवारी बंद. ज्यांचं जॉबवर्क करतो त्यातल्या दोन पार्ट्या रविवारी चालू असतात, त्यांना शनिवारी माल पोचवायचा म्हणजे शुक्रवारी तास-दीड तास जास्त बसावं लागेल. त्याचा ओव्हरटाइम देणार.

मंगळवार पेठेच्या ताई, तुमचं लिहिणं बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, फोन मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. पुढच्या रविवारी मटण मी आणि मुलगी करणार. मुलीची दुपारपाळी आहे, म्हणून जेवण अकराला. वाटणाला काय काय लागतं ते आज बायकोकडून लिहून घेतलंय, आणि पातेली घासायचं माझ्याकडं आहे.